मॅग्नेशियमला पाणी लागू नये म्हणून

वडील निवृत्त झाले आणि आई-वडील गुहागरजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा मी सिल्वासातच राहिले. वडिलांची सगळी नोकरी इथल्या मराठी शाळेत गेली. माझी शाळा इथली, कॉलेज वापीचं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीने गावी जाऊन करायचं काय, हा प्रश्न वडिलांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. डोकमर्डी भागातल्या पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या आम्ही ठेवल्या. जाताना आईने खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला एवढंच सांगितलं, "हिच्याकडे लक्ष असू द्या."

खालचं बिऱ्हाड शहाद्याकडचं. नवरा-बायको दोघंच. एकुलती मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. गृहस्थांना मी भाऊ म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. वय बघता काका-काकू म्हणायला हवं होतं, पण वहिनींनीच पहिल्या दिवशी सांगितलं, काकू म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं. आईचा शब्द त्यांनी फार मनावर घेतला. संध्याकाळी मी जिना चढू लागले की आतून हाक यायची, "बठ, जेवी ले." बस, जेवून घे. सुरुवातीला मी काहीतरी कारण सांगायची. मग सांगणं सोडून दिलं. कोकणातल्या घरात वाढलेली मी, वर्षभरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशिवाय आणि त्यांच्या हातच्या ठेच्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटेना.

भाऊ सामरवरणीच्या रस्त्याला एका कारखान्यात घासणीच्या खात्यात होते. तिथे केमिस्टची जागा निघाली तेव्हा त्यांनीच मला सांगितलं आणि त्यांनीच मला पहिल्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, "आता आत तू मॅडम. मी तुला ताई म्हणेन. घरी पोरी, इथे ताई." त्यांनी हा नियम कधी मोडला नाही.

कारखाना लहान होता. दुसरीकडे ओतलेले मॅग्नेशियमचे भाग आमच्याकडे यायचे, हातात धरायच्या यंत्रांची कवचं, कॅमेऱ्यांचे सांगाडे असलं काहीतरी. आम्ही ते घासून, धुऊन, त्यांच्यावर संरक्षक थर चढवून परत पाठवायचो. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमहूनही हलकं असतं. पहिल्यांदा एक कवच हातात घेतलं तेव्हा मला ते प्लास्टिकचं वाटलं होतं. पण पाण्याशी त्याचं वैर. आमच्याकडच्या दमट हवेत उघडं ठेवलं तर काही दिवसांत त्याच्यावर पांढरी पूड धरते. मीठ लागलं तर खड्डेच पडतात. बोटाचा घामसुद्धा पुरतो. आज कुणी उघड्या हाताने उचललं तर थोड्या दिवसांनी नेमका त्याच्या बोटाचा ठसा काळा होऊन वर येतो. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते गुजराती होते. दिवसातून एकदा तरी त्यांचं वाक्य ऐकू यायचं, "पाणी अड्युं एटले माल गयो." पाणी लागलं की माल गेला.

मला घेतलं होतं ते एका नव्या थरासाठी. ग्राहकाला जाड रंग नको होता. पाणी अंगावर टिकूच नये असा पातळ, न दिसणारा थर त्यांना हवा होता. त्याची कृती ऐकायला सोपी आहे. भाग स्वच्छ धुवायचा, सौम्य आम्लातून काढायचा, मग गरम क्षाराच्या टाकीत ठेवायचा. तिथे त्याच्यावर अतिशय बारीक खडबडीत थर तयार होतो, डोळ्याला नुसता फिका दिसतो. मग मेणबत्तीत घालतात ते स्टीअरिक आम्ल स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात तो बुडवायचा आणि वाळवायचा. जमलं तर पाणी त्याला शिवत नाही. ड्रॉपरने थेंब सोडला की मण्यासारखा गोल उभा राहतो आणि भाग जरा तिरका केला की घरंगळून जातो. मागे ओल राहत नाही.

आठ महिने ते जमत नव्हतं. थेंब घरंगळायचा, पण मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात त्या तपासणीच्या पेटीत भाग ठेवला की काही दिवसांत काळे ठिपके यायचे. मी टाकीचं तापमान बदललं, वेळ बदलला, आम्ल बदललं. वहीमागून वही भरली. शेवटी उत्तर भाऊंकडून आलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले, खराब झालेला भाग उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ताई, ठिपके रांगेत आहेत. बघा ना. माझा घासायचा कागद जसा फिरतो तशी रांग आहे." खरंच होतं. घासताना पडलेल्या खोल चऱ्यांत थर नीट बसत नव्हता आणि मीठ तिथूनच आत शिरत होतं. त्यांनी बारीक कागद घेतला, हात हलका केला, दोन दिशांनी घासून पाहिलं. पुढच्या खेपेचे भाग पेटीतून जसेच्या तसे बाहेर आले.

त्या दिवशी भाऊंनी स्वतः थेंब सोडला. तो पळाला तेव्हा हसून म्हणाले, "अळवावरचं पाणी." साहेबांनी पेढे आणले. अहवालात मी माझं नाव लिहिलं. भाऊंचं नाव लिहायचं असतं हे मला सुचलंही नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

आता त्या गाळाबद्दल सांगायला हवं.

मॅग्नेशियम घासलं की त्याची भुकटी उडते. ती कोरडी साठली तर ठिणगीने पेटते, आणि पेटली की तिच्यावर पाणी मारायचं नसतं, आग जास्त भडकते. म्हणून घासणीच्या यंत्राला पाण्याची टाकी जोडलेली असते. भुकटी तिच्यात पडते आणि खाली राखाडी गाळ बसतो. भाऊ रोज तो गाळ उपसून लोखंडी ड्रममध्ये भरायचे आणि ड्रम शेडच्या मागे ठेवायचे. ठरावीक दिवसांनी गाडी येऊन ते घेऊन जायची. ड्रमची झाकणं ते कधी घट्ट लावत नसत. नुसती टेकवून वर वीट ठेवत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "हा गाळ श्वास घेतो, ताई. कान लावा, फसफस ऐकू येते. पहिले जे इन्चार्ज होते ते सांगून गेले होते, याचं तोंड बांधायचं नाही." मला ते 'श्वास घेतो' फार गमतीचं वाटलं. संध्याकाळी मी ते आईला फोनवरही सांगितलं.

यातलं रसायनशास्त्र मला येत नव्हतं असं नाही. मॅग्नेशियम आणि पाणी मिळून हायड्रोजन वायू सुटतो, हे समीकरण मी शाळेपासून लिहीत आले होते, हायड्रोजनपुढे वर जाणारा बाण काढून. थंड पाण्यात ही क्रिया मंद असते, हेही पाठ होतं. पण भुकटी जितकी बारीक तितकी ती जोरात चालते, हा विचार परीक्षेच्या कागदापलीकडे मी कधी नेला नव्हता. आणि आम्ही तर नुकताच अधिक बारीक कागद वापरायला लागलो होतो.

भाद्रपदात ग्राहकाची माणसं पुण्याहून कारखाना बघायला येणार होती. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. वळचणीचं पाणी टेकवलेल्या झाकणांखालून ड्रममध्ये जात होतं, ड्रम भरून वाहत होते आणि शेडमागे राखाडी ओघळ थेट गटारापर्यंत गेला होता. साहेब छत्री घेऊन मागे फिरून आले, माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "बहेन, ये सब ठीक कराओ. ये लोग पीछे भी देखेंगे."

मी भाऊंना बोलावलं आणि सांगितलं, झाकणं नीट बसवा, कड्या लावा. त्या ड्रमना झाकणाभोवती लोखंडी पट्टा असतो आणि खटका दाबला की तो आवळला जातो.

भाऊ म्हणाले, "ताई, तोंड बांधायचं नसतं याचं."

"पावसाचं पाणी जातंय आत. दिसत नाही का?"

"पाणी जाऊ द्या. पाण्याने ड्रमला काय होतंय? वाटलं तर वर पत्रा टाकून देतो."

माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची सगळी यादी होती. खोलीत आणखी दोन कामगार उभे होते आणि ते ऐकत होते. मी म्हटलं, "भाऊ, केमिस्ट मी आहे ना?"

त्यांनी त्या दोघांकडे एकदा पाहिलं. मग "बरं, ताई" म्हणाले आणि गेले. पाचही ड्रमना त्यांनी पट्टे आवळले, शेडमागची फरशी झाडूने घासून धुतली.

पाहुणे खूश झाले. त्यातल्या एकाने ओळीत उभे असलेले ते स्वच्छ ड्रम मोबाईलवर टिपून घेतले. त्यानंतर गणपती विसर्जनाची सुट्टी आली, तिला जोडून साप्ताहिक सुट्टी. चार दिवस कारखाना बंद होता. मी वहिनींबरोबर मोदक केले. भाऊंना माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर तो घरात दिसला नाही.

कारखाना उघडला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाऊ माझ्या दारात आले. मी पेटीतून मोठ्या तपासणीचे भाग बाहेर काढत होते. हातात चिमटा, समोर वही.

"ताई, ड्रमची झाकणं फुगलीत."

"फुगलीत म्हणजे?"

"वर आलीत, पोळीसारखी. गाडीवाला आलाय न्यायला. तुम्ही येऊन बघता का?"

मी म्हटलं, "दहा मिनिटांत येते. तोवर तुम्ही कड्या सैल करून ठेवा."

मी दहा मिनिटांत गेले नाही. एका भागाच्या कोपऱ्यावर ठिपका आहे की पाण्याचा डाग, हे मी भिंग लावून बघत बसले. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मला तो ऐकू येत होता.

नंतर कळलं ते असं. चार ड्रमच्या कड्या भाऊंनी हाताने सैल केल्या. प्रत्येक वेळी सुस्स करून हवा बाहेर पडली. पाचव्याचा पट्टा झाकणाच्या ताणाने आणि गंजाने अडकला होता. त्यांनी पाना घालून पाहिला. मग हातोडा घेतला. लोखंडावर लोखंड बसलं.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्यावर नारळ पडावा तसा आला. त्यामागे माणसांचा आरडाओरडा. मी धावत मागे गेले. झाकण भिंतीपाशी जाऊन पडलं होतं. ड्रमच्या काठावर वाळलेला गाळ चिकटलेला असतो, तो पांढराशुभ्र जळत होता, बघवत नव्हतं इतका. एक कामगार पाण्याचा पाइप ओढत येत होता. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "पाणी नको! पाणी नको! वाळू टाका!"

तो जागीच थांबला. आणि मग मी भाऊंना पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते आणि दोन्ही हात चेहऱ्यापुढे, चेहऱ्याला न लावता धरले होते. चेहरा राखाडी गाळाने लिंपलेला होता. त्या चेहऱ्यावर, त्या डोळ्यांवर पाणी हवं होतं, भरपूर, लगेच. आणि पाण्याचा पाइप चार पावलांवर होता आणि तो धरलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, कारण मी पाणी नको म्हटलं होतं. किती क्षण गेले ते मला सांगता येणार नाही. मी पाइप हिसकावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर धरला. भाऊ नुसतं "हां, हां" करत होते, जसं कुणी समजावून सांगत असताना आपण हुंकार देतो तसं.

सिल्वासातल्या दवाखान्यातून त्यांना त्याच दिवशी मुंबईला हलवलं. मी आणि वहिनी रुग्णवाहिकेत होतो. वहिनींनी पूर्ण रस्ता माझा हात सोडला नाही. एकदाच विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "ड्रम फुटला."

उजवा डोळा काढावा लागला. डाव्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आठवड्याने साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर इंग्रजीतला अहवाल टाइप करून ठेवलेला होता. कामगाराने सुरक्षेचे नियम न पाळता बंद ड्रमवर हातोडा मारला, त्यामुळे ठिणगी पडली. अनुभवी कामगार असूनही त्याने वरिष्ठ येण्याची वाट पाहिली नाही. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. मुंबईच्या दवाखान्यात ते दोनदा जाऊन आले होते. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "हातोडा किसने मारा? उसने मारा ना? इसमें झूठ क्या है?"

खोटं एकही वाक्य नव्हतं. ड्रमला कड्या कुणी लावायला सांगितल्या आणि कुणी सैल करायला, याचं वाक्यच नव्हतं. मी दोनदा वाचलं. मला वाटलं, सही केली नाही तर विचारणा माझी होईल. नोकरी जाईल, कदाचित पोलीस येतील, वडिलांना कळेल. मी सही केली. तिथून बाहेर पडून मी भागांच्या तपासणीला बसले आणि त्या दिवशीचे सगळे भाग पास झाले.

भाऊ दीड महिन्याने घरी आले. मी रोज खाली जात असे. औषधांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. डोळ्यात थेंब घालायचं काम वहिनींना जमत नाही म्हणून माझ्याकडे आलं. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही नसती तर आमचं कठीण होतं. पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं केलं हिने." मी मान खाली घालून ऐकत असे. झाकणाचा विषय भाऊंनी एकदाही काढला नाही. मला वाटायचं, स्फोटाच्या धक्क्यात ते विसरले असतील. मग मला वाटायचं, विसरलेले असू देत. असा विचार मी करत असे आणि मग त्यांच्या डोळ्यात थेंब घालत असे.

एक दिवस पोस्टाने मोठा लिफाफा आला. कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी दुसऱ्या दिवशी भाऊंचा जबाब घ्यायला घरी येणार होते. त्याआधी कारखान्याच्या अहवालाची प्रत त्यांनी भाऊंना पाठवली होती. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो लिफाफा न फोडता पाटावर ठेवलेला होता. वहिनी भाकरी थापत होत्या.

भाऊ म्हणाले, "पोरी, इंग्रजीत आहे म्हणे. वाचून दाखव. त्यांनी काय लिहिलंय ते कळलं तर उद्या मला बोलता येईल."

मी लिफाफा फोडला. समोर माझीच सही. भाऊंना दिसत नव्हतं आणि वहिनींना इंग्रजी येत नव्हतं. मी काहीही वाचू शकत होते. एखादं वाक्य मऊ करता आलं असतं, सह्या गाळता आल्या असत्या. मी एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी सांगू लागले. सुरक्षेचे नियम पाळले नाहीत. बंद ड्रमवर हातोडा मारला. वरिष्ठांची वाट पाहिली नाही.

भाऊंनी मधेच विचारलं, "वाट पाहिली नाही?"

"असं लिहिलंय."

"हं. पुढे?"

"पुढे संपलं. सह्या आहेत."

"कोणाच्या?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. वहिनींनी ती उलटली नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी एवढा वेळ का लावते आहे, हे त्यांना कळत नव्हतं.

"एक साहेबांची," मी म्हटलं. "दुसरी माझी."

भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा वहिनींनी गॅस बंद केला. मग भाऊ अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "झाकणाचं लिहिलं नाही?"

"नाही."

"मी तुला म्हटलं होतं, तोंड बांधू नको. आणि फुगलं तेव्हा सांगायला आलो होतो. तू दहा मिनिटं म्हणाली होतीस. आठवतंय ना तुला?"

"आठवतंय."

"मग लिही ना, पोरी. माझ्याकडून काय व्हायचंय आता, मला तर दिसतही नाही. तू लिही."

वहिनी तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. पिठाचे हात तसेच. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यास्नी तुले सांगं व्हतं ना? तू शिकेल शे ना? मंग?"

शिकलेली आहेस ना, मग? मी ताट न घेता वर आले. भाऊंनी विषय काढला नव्हता तो विसरले म्हणून नव्हे, हे मला तेव्हा कळलं. ते इतके दिवस वाट बघत होते, मी स्वतःहून सांगेन म्हणून.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले तेव्हा मी कामावर गेले नाही. भाऊंचा जबाब झाल्यावर मी माझा लिहून दिला, मराठीत, तीन पानं. कड्या लावायला मी सांगितलं. त्यांनी नको म्हटलं होतं. मी केमिस्ट आहे असं म्हणून मी त्यांना गप्प केलं. फुगलेल्या झाकणांची खबर त्यांनी मला दिली होती, कड्या सैल करा असं मीच म्हटलं आणि मी गेले नाही. अधिकारी उतारवयाचे होते. सगळं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, आधीच्या कागदावर तुमची सही आहे. यावरही सही कराल तर दोन्ही राहणार. कळतंय ना?" मी हो म्हटलं.

साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, "आ तें शुं कर्युं?" हे तू काय केलंस? मी राजीनामा ठेवला, त्यांनी तो घेतला. चौकशीसाठी मला अनेकदा जावं लागलं. भाऊंवरचा ठपका पुसला गेला आणि त्यांना जी भरपाई मिळायला हवी होती ती मिळाली. कारखान्यावर कारवाई झाली. मॅग्नेशियमचं काम त्यांनी बंद केलं आणि घासणीची माणसं घरी बसली. त्यातल्या दोघांनी मला रस्त्यात पाहून तोंड फिरवलं. माझ्यावर काय कारवाई झाली? लेखी ताकीद. मी नवी होते, वरिष्ठांनी प्रशिक्षण दिलं नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं. तेही खरं होतं.

खालून हाक येणं बंद झालं. मी जिना चढताना दार उघडं असे, आत ताटांचा आवाज असे, वहिनी शेगडीकडे तोंड करून बसलेल्या असत. डोळ्यात थेंब घालायला सुरतेची मुलगी येऊन राहिली होती.

होळीनंतर त्यांनी खोली सोडून गावी जायचं ठरवलं. सामान टेम्पोत भरत होते. मी खाली आले, मदत करावी की नाही ते मला कळेना. भाऊ ओट्यावर बसले होते. माझ्या चपलेच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"पोरी, इकडे ये."

मी जवळ जाऊन बसले.

"तू लिहून दिलंस ते चांगलं केलंस. मला ठाऊक आहे, सोपं नव्हतं. पण राग जात नाही. मी जाऊ देतो म्हणतो. सकाळी उठलं की परत येतो. तुला सांगून ठेवतो, मनात ठेवून गेलो असं नको."

मी म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं." इतक्या महिन्यांत हे वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलत होते. जबाबात ते तीन पानं होतं, तोंडाने एकदाही निघालं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

वहिनी पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या. मुलीने भाऊंना हाताला धरून टेम्पोपाशी नेलं, त्यांचा पाय पायरीवर ठेवून दिला. मी हात पुढे केला नाही. तो कुणाला हवा असेल असं मला वाटलं नाही.

मी सणासुदीला फोन करते. वहिनी उचलतात, "बरे आहेत" म्हणतात आणि पलीकडून बोलणं संपतं. एकदा भाऊंनी स्वतः उचलला होता. शेतात पपई लावली आहे, मी पेरूच्या झाडाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतो, हाताला कळतं त्यात किडका दाणा कोणता, असं सांगत होते. मग मागून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

मी अजून सिल्वासातच आहे. दुसऱ्या एका कारखान्यात काम करते. तिथेही मॅग्नेशियम येतं आणि तिथेही त्याला पाणी लागू नये म्हणून थर देतात, आमच्या त्या थरापेक्षा चांगला. मशिनवर घेण्याआधी नव्या माणसांना तासभर माहिती द्यायचं काम मी मागून घेतलं आहे. गाळाच्या ड्रमला भोक असलेलं झाकण का असतं, हे मी त्यांना सांगते. एका कारखान्यात एका केमिस्टने झाकणं घट्ट लावायला सांगितली होती, असं सांगते. त्या केमिस्टने एका जुन्या कामगाराचं ऐकलं नाही, तो कामगार आता आंधळा आहे, असंही सांगते. 'मी' म्हणायचं ठरवून मी प्रत्येक वेळी त्या तासाला जाते.

गेल्या महिन्यात पुढच्या बाकावर साक्रीकडची एक बाई बसली होती. तिने ऐकता ऐकता हात वर केला.

"मॅडम, त्या केमिस्टचं काय झालं मग?"

"तिने नोकरी सोडली," मी म्हटलं.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

तिने शेजारणीकडे पाहिलं. मी हातमोज्यांचा खोका उघडला आणि ते वाटायला लागले.